रुक्मिणीच्या चपला

रुक्मिणीला रीत म्हणून नव्हती. दुसऱ्याच्या घरी गेलं की चपला भिंतीला लावून, जोडी जुळवून काढाव्यात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येऊ देऊ नयेत, एवढं शहाणपण चार घरं हिंडलं की कुणालाही येतं. रुक्मिणी तर सगळं मुलुंड हिंडलेली. बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायचं, तान्ह्या पोरांना तेल चोळायचं, ओव्याची धुरी द्यायची, हाच तिचा धंदा. पण शकुबाईंच्या दारात आली की चपला उंबऱ्याच्या बरोबर मधोमध, आणि तोंडं आत केलेली. जणू बाई आली ती परत जायला आलेलीच नाही.

"अगं, या कुणाच्या वाटेत?" शकुबाई ओट्यापासून ओरडत. "दार आहे का चपलांचं दुकान?"

"माझ्याच मावशी. राहू द्या, लगेच निघायचंय."

लगेच म्हणायची आणि सगळ्यांच्या शेवटी निघायची. मग शकुबाई झाडूच्या टोकानं त्या चपला बाजूला सारत. दुसऱ्याच्या चपलेला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

अजूनही त्या दर मंगळवारी झाडूनंच सारत होत्या. फरक एवढाच, की रुक्मिणी दिवाळीच्या आधीपासून कुठं दिसलेली नव्हती.

मुलुंड पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी, जिथं रिक्षावाला मीटर बंद करून "आता पुढं चालत जा" म्हणतो, तिथून वर चढणीला पंचशील चाळ लागते. ओळीतली पहिली खोली शकुबाईंची. त्यांचे मालक धोंडिराम खाली असलेल्या रंगाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, त्या जागी टॉवर आले, धोंडिरामही गेले. पण कारखान्यानं हिशेब करून दिलेल्या पैशांत शकुबाईंनी खोलीवर स्लॅब टाकला, लाद्या बसवल्या, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींना नव्या फ्रेमा केल्या. अंगावर कुणाचा एक पैसा नाही, हा त्यांचा दागिना. शाळा त्यांनी लांबूनच पाहिलेली. सहीपुरतं 'शकुंतला' येई, आडनाव मात्र हात दुखतो म्हणून सोडून देत.

मग हायवेला टेम्पोनं त्यांच्या अनिरुद्धची रिक्षा उडवली. पायात सळई घालावी लागली. आणि सून, सपना, बायकांच्या गटात शिरली.

गट पाच जणींचा. कंपनी पाची जणींना कर्ज देणार, हप्ता दर मंगळवारी दुपारी. एकीनं नाही भरला तर बाकीच्या चौघींनी भरायचा, आणि सगळ्यांचे जमल्याशिवाय कुणी जागचं उठायचं नाही. कागदावर हे लिहिलं होतं की नाही कुणास ठाऊक, पण वसुलीला येणारा विद्याधर ते आरतीसारखं म्हणायचा. बसायचं शकुबाईंच्या खोलीत, कारण ती पहिली, आणि विद्याधरसरांना चढण चढायचा कंटाळा. त्यात त्याचे बूट लेसचे. काढाघालायला नको म्हणून तो बाहेर पायरीवरच उभा राहायचा. मान मोबाईलमध्ये. खाली चपलांच्या जोड्या मोजायचा, "पाच? चला," म्हणायचा आणि पैसे घ्यायचा. बायकांची तोंडं त्यानं कधी नीट पाहिली असतील असं शकुबाईंना वाटत नव्हतं.

आत सतरंजीवर ओळीनं बसणं ठरलेलं. दाराशी शांताबाई, मग कोपऱ्यावरच्या दोघी जावा, मग सपना, आणि शेवटी लोखंडी कपाटाच्या आडोशाला रुक्मिणी. "माझ्या हाताला तेलाचा वास मारतो गं," असं म्हणत ती स्वतःच तिथं सरकलेली. दारातून ती दिसायचीही नाही.

त्या दिवाळीआधीच्या मंगळवारी रुक्मिणीकडं पैसे नव्हते. तिच्यावर आणखी दोन कंपन्यांचे हप्ते होते, ते शकुबाईंना तेव्हाच कळलं. नियमाप्रमाणं सगळ्या बसून राहिल्या. पोरं शाळेतून येऊन दारातून आत डोकावली आणि उपाशीच खेळायला गेली. शांताबाईंचं संध्याकाळच्या पोळ्यांचं काम बुडालं. कुणी वाईट बोललं नाही, पण चांगलंही कुणी बोललं नाही. विद्याधरला वरून फोन येत होते, आणि तो प्रत्येक फोनला "हो सर, बसलोय सर" म्हणत होता.

शेवटी रुक्मिणी उठली. "सातव्या मजल्यावरच्या बाळंतिणीकडं माझे अडकलेत," ती म्हणाली. "घेऊन येते. कुणी उठू नका."

"आणि नाही आलात तर?" विद्याधर मोबाईलमधूनच बोलला.

"चपला इथंच आहेत माझ्या," रुक्मिणी म्हणाली, आणि अनवाणी उतरणीला लागली.

ती आलीच नाही. टॉवरच्या वॉचमननं तिला पाहिलं नव्हतं. वरच्या ओळीतली तिची भाड्याची खोली तशीच उघडी, चुलीशी तेलाची वाटी. पोलीस चौकीत शांताबाई जाऊन आल्या. तिथल्या माणसानं विचारलं, "तुमची कोण?" महिन्याभरानं घरमालकानं खोली दुसऱ्याला दिली.

खरं म्हणजे कंपनीला तेव्हाच सांगायचं. पण गट मोडला की पुढचं मोठं कर्ज बंद. आणि पुढच्या कर्जावरच सगळ्यांचं चाललेलं. शांताबाई तर मंगळवारचा हप्ता बुधवारच्या कंपनीतून भरायच्या आणि बुधवारचा मोबाईलमधल्या कुठल्याशा ॲपवरून. त्यामुळं पुढच्या मंगळवारी विद्याधरनं विचारलं, तेव्हा त्याच म्हणाल्या, "आलीय की. बसलीय कपाटामागं. तोंड दाखवायला लाजतेय बिचारी."

विद्याधरनं खाली पाहिलं. चपला पाच जोड. हप्ते पाच. "चला," तो म्हणाला.

झालं, तीच पद्धत पडली. मंगळवारी सपना ओट्याखालून रुक्मिणीच्या चपला काढून दारात मांडायची, चौघी मिळून तिचा हप्ता भरायच्या, तिची जागा मोकळी ठेवायच्या. ट्रेमध्ये कप दिसावेत म्हणून चहासुद्धा पाच कप.

"खोट्यासाठी सतरंजी अंथरता, आता चहापण पाजा," शकुबाई म्हणाल्या. पण पोटमाळ्यावर अनिरुद्ध पाय उशीवर ठेवून पडलेला होता. चहाचं आधण त्यांनीच ठेवलं.

पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आल्या त्या चपलाच.

"कितीदा सांगू, मधे ठेवू नकोस म्हणून?"

"मी भिंतीला लावल्या होत्या आई," सपना म्हणाली.

चपला उंबऱ्याच्या मधोमध होत्या. तोंडं आत. पोरांनी लाथाडल्या असतील. शकुबाईंनी झाडूनं सारल्या. तेव्हा तळव्यांना लागलेली तांबडी माती लादीवर उमटली. ओली होती. चपला आठवडाभर ओट्याखाली पडून होत्या, आणि तिथं ओली माती कुठून येणार?

मग चहा. कप विसळताना पाचवा रिकामा लागला.

"शांते, दोन दोन कप ढोसतेस होय?"

"मला शुगर आहे हो शकुमावशी! माझाच तुमच्या सुनेनं अर्धा बशीत ओतलाय."

दोघी जावांनी एकमेकींकडं पाहिलं. शकुबाईंनी कप उजेडात धरला. काठावर तेलाचा बारीक तवंग होता. त्यांनी राख घेऊन घासला, पुन्हा घासला आणि पालथा घातला.

थंडी सरता सरता सतरंजीवर कपाटाच्या बाजूला डाग दिसू लागला. आधी बशीएवढा, मग ताटाएवढा. सोडा लावून झाला, ऊन दाखवून झालं. मंगळवारी सतरंजी अंथरली की खोलीत कोमट तेलाचा आणि ओव्याचा वास सुटे, तान्हं मूल असलेल्या घरात असतो तसा. पोटमाळ्यावरून अनिरुद्ध एकदा म्हणाला, "आई, कुणाकडं बाळ झालंय?"

शकुबाईंनी सतरंजी गुंडाळून ठेवली. रात्रंदिवस भुताखेताच्या गोष्टी चघळणाऱ्या बायकांचा त्यांना तिटकारा होता. ज्याला डोळ्यांनी बघितलं नाही त्याला घाबरायचं नाही, असं धोंडिराम म्हणत. त्यांनी डोळ्यांनी काहीच बघितलं नव्हतं. नुसता एक डाग, एक वास आणि वाटेतल्या चपला.

मग पैसे जास्त भरले. विद्याधरनं मोजून पाहिले आणि एक हप्ता परत केला. "रुक्मिणीताईंचा दोनदा आलाय," तो म्हणाला. कुणी भरला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चौघींनी आपसात विचारलं, शपथा घेतल्या. पुढच्या मंगळवारीही तेच. नोटा मऊ पडलेल्या होत्या, तेलकट, एकमेकींना चिकटलेल्या.

"येऊ देत की," शांताबाई म्हणाल्या. हसायचा प्रयत्न केला त्यांनी. "घेणाऱ्या शंभर बघितल्या, देणारी ही पहिलीच."

थकलेलं माणूस फार प्रश्न विचारत नाही. त्यानंतर कुणी तिच्या हप्त्यात आपली भर घातली नाही.

फाल्गुनात मोठं कर्ज मंजूर झालं, पाची जणींना. रुक्मिणीचा मोबाईल बिघडलेला म्हणून तिच्या नावापुढं पहिल्यापासून सपनाचाच नंबर होता. ओटीपी सपनाच्याच फोनवर आला. अनिरुद्धच्या पायातली सळई सैल झाली होती, पुन्हा कापावं लागणार होतं. सपनानं आपले घेतले आणि रुक्मिणीचेही घेतले. शकुबाईंना हे हॉस्पिटलचं बिल भरल्यावर समजलं.

"कुणाच्या नावानं?"

"रुक्मिणीताईंच्या. कुणाला काय फरक पडतो आई? तिचा हप्ता येतोच आहे ना."

"येतोय म्हणून खायचा?"

"मग तुमच्या मुलाचा पाय तसाच ठेवू?"

शकुबाईंची जीभ साऱ्या चाळीला माहीत होती. त्या दिवशी त्यांनी तांदूळ निवडायला घेतले, आणि निवडलेलेच पुन्हा निवडत बसल्या.

त्यानंतर सपना बदलत गेली. शिवणाचं काम करता करता मधेच हात थांबवायची आणि बोटं एकमेकांवर चोळायची. शेजारणीचं तान्हं रडलं की उठून दारात जायची. घरात अनवाणी असतेच माणूस, पण ती नळावरही अनवाणी जाऊ लागली. आणि सतरंजीवर दर मंगळवारी थोडी थोडी कपाटाकडं सरकू लागली.

ऊन भाजायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मंगळवार, दुपार. पत्र्याच्या छपराखाली बाहेर कुत्रं धापा टाकत पडलेलं. विद्याधर आला. त्याचे गाल आत गेले होते. त्यालाही कंपनीनं काही सुख दिलेलं दिसत नव्हतं. त्यानं जोड्या मोजल्या, पैसे मोजले.

"एकीचा कमी आहे."

शांताबाई म्हणाल्या, "असेल बघा, खाली चिकटलेला."

"नाही. रुक्मिणीताईंचा नाही आला. मोठं कर्ज झालंय, आता मला चालणार नाही. बसावं लागेल."

कुणाकडं जादा काही नव्हतं. पंखा फिरत होता आणि गरम वारा खाली ढकलत होता. वास आज नाकात झोंबत होता. शकुबाई ओट्याशी उभ्या होत्या. सपना त्यांना दिसतच नव्हती. ती पूर्ण कपाटाआड गेली होती, डागावर. नुसते गुडघे दिसत होते.

"मी काही बसणार नाही बाई आज," शांताबाई म्हणाल्या. "पोळ्यांच्या कामावरची बाई नवीन आहे, काढून टाकेल मला." त्यांनी जमिनीला हात टेकला.

उठल्या नाहीत.

पुन्हा हात टेकला. अंगाला झोका दिला. तोंडावरचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे मोठे झाले.

"पायाला मुंग्या आल्यात," त्या म्हणाल्या.

दोघी जावांनी हात टेकून पाहिले नाहीत. त्या आधीच रडत होत्या, आवाज न करता.

विद्याधर पायरीवर होता. फोन वाजत होता, तो उचलत नव्हता. त्याचं एक पाऊल मागं उचललेलं, आणि ते खाली टेकतच नव्हतं.

कपाटाआडून सपना उठली.

तेवढी एकच उठली. तिचे तळपाय तांबडे होते, मातीनं. कोपरांपर्यंत हात चकाकत होते.

"सातव्या मजल्यावरच्या बाळंतिणीकडं माझे अडकलेत," सपना म्हणाली. "घेऊन येते. कुणी उठू नका."

आवाज सपनाचाच होता. बोलायची ढब तिची नव्हती.

ती दाराकडं चालू लागली. त्या उतरणीनं एक बाई अशीच गेली होती, आणि ती आली नव्हती. वर पोटमाळ्यावर अनिरुद्ध झोपेत कण्हला.

शकुबाई वाटेत आडव्या आल्या. त्यांनी सुनेचं मनगट धरलं. ते हातातून निसटलं. दोन्ही हातांनी धरलं, तरी निसटलं. तेल कोमट होतं.

"सपना, बस खाली."

सपना त्यांच्याकडं पाहत होती, अनोळखी घरातल्या सासूकडं पाहावं तशी, अदबीनं.

"चपला इथंच आहेत माझ्या," ती म्हणाली.

चपला उंबऱ्याच्या मधोमध होत्या. तोंडं आत.

शकुबाईंनी झाडू शोधला नाही. गुडघा कुरकुरला, कंबरेतून कळ गेली, पण त्या खाली वाकल्या आणि त्या चपला हातांनी उचलल्या. जड होत्या. पदरानं त्यांची माती पुसली. बाहेरच्या पायरीवर, विद्याधरच्या बुटांशेजारी, तोंडं उतरणीकडं करून नीट मांडल्या.

"घाल गं बाई," त्या म्हणाल्या. "ऊन आहे. पाय भाजतील."

मग कपाटाखालून स्वतःचा जोड काढला. विहारात जातानाचा, कातडी, पॉलिश केलेला. तो त्यांनी भिंतीला लावून, जोडी जुळवून ठेवला.

"मोज," त्या विद्याधरला म्हणाल्या.

"काय मावशी?"

"आत किती जोड आहेत ते मोज. उंबऱ्याच्या अलीकडचे."

त्याचे ओठ हलले. "पाच."

"मग लिही. रुक्मिणी काढ, शकुंतला लिही. तिचं नवंजुनं सगळं माझ्याकडं."

"तुम्ही वयात बसत नाही मावशी. साठच्या वर कंपनी..."

"माणसं कधी मोजली होतीस तू? चपला मोज आणि लिही."

त्यानं मोबाईलवर काहीतरी केलं. त्याचं पाऊल पायरीला टेकलं. "झालं," तो म्हणाला, आणि ते ऐकून सर्वांत जास्त बरं त्यालाच वाटलेलं दिसलं.

"आई गं!" म्हणत शांताबाई उठल्या. त्यांचे गुडघे कडकड वाजले. दोघी जावा एकमेकींना धरून बाहेर पडल्या, मागं न बघता. विद्याधर गाडी ढकलतच उतरून गेला. चालू करायलासुद्धा थांबला नाही. सपना उंबऱ्यावर बसली होती. हातांकडं पाहत होती. हात कोरडे होते.

"चहा नाही टाकला का आज?" तिनं विचारलं.

"टाकते. तू वर जा. त्याला पाणी दे."

सपना जिना चढून गेली. शकुबाईंनी ट्रे उचलायला हात पुढं केला आणि तो तसाच राहू दिला. घरात बघणारं कुणी नव्हतं. त्या सतरंजीवर टेकल्या, जिथं जागा होती तिथं, कपाटाच्या आडोशाला. डाग वाळला होता. वास गेला होता. वरून सपनाचा आणि अनिरुद्धचा आवाज येत होता, साधा, रोजचा. भात उरलाय का, फोन चार्जिंगला लाव.

किती वेळ गेला कोण जाणे. कपाटाच्या कडेवरून वाकून त्यांनी दाराकडं पाहिलं.

पायरी मोकळी होती. रुक्मिणीच्या चपला गेल्या होत्या.

शकुबाईंच्या स्वतःच्या चपला भिंतीला नव्हत्या. त्या उंबऱ्याच्या मधोमध होत्या. तोंडं आत.

त्या नीट लावायला म्हणून शकुबाईंनी जमिनीला हात टेकला. पुन्हा टेकला. मग हात मांडीवर घेतला, पदर सारखा केला आणि मोकळ्या पायरीकडं बघत, वरच्या दोघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या,

"गेलीस ते बरं केलंस, रुक्मिणी. तुझं कुणाचं काही देणं नव्हतं. पण रीत काही तुला शेवटपर्यंत आली नाही."